‘तेरवं’ : शोक आणि समूह

शेतकऱ्याच्या आत्महत्येविषयीचे मराठी लेखन बव्हंशी मृत्यूपाशी येऊन थांबते. श्री. श्याम पेठकर यांनी लिहिलेले व श्री. हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले ‘तेरवं’ हे नाटक मृत्यूनंतरच्या काळाकडे वळते, हे त्याचे वेगळेपण होय. मृताच्या तेराव्या दिवसाच्या विधीस विदर्भात तेरवं म्हणतात. त्या दिवशी सोयरेधायरे जेवून परततात; मागे उरतात ती बाई, तिची मुले आणि देणे. आपत्तीला तोंड देण्याच्या शक्तीची खरी कसोटी चौदाव्या दिवशी सुरू होते.

यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. त्या घरात मागे कोणी उरलेच नाही. पुढील असंख्य घटनांत मात्र स्त्री मागे उरली. शासनदरबारी तिच्या घरातील मृत्यू प्रथम ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतो, आणि वर्षानुवर्षे एक लाख रुपये राहिलेले साहाय्य त्यावर अवलंबून असते. ‘तेरवं’मध्ये हा आघात स्वतः सोसलेल्या स्त्रिया रंगमंचावर येतात. येथे त्या निराळ्या अर्थाने ‘पात्र’ होतात, आणि त्याही एकेकट्या नव्हे, समूहाने. या नाटकाचे सामर्थ्य, आमच्या मते, या समूहत्वात आहे.

या नाटकात काम करणाऱ्या राजूरच्या श्रीमती वैशाली येडे यांच्या हस्ते ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. श्रीमती नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेल्यानंतरचा तो प्रसंग होता. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, तर गल्लीतलीच बाई कामी येते, अशा आशयाचे त्यांचे उद्गार गाजले. संमेलनाने त्यांना एकटीला प्रतीक म्हणून व्यासपीठावर बसविले. त्यांनी मात्र गल्लीचा, म्हणजे समूहाचा, उल्लेख केला. हा भेद टीकाकारांनी पुरेसा लक्षात घेतलेला दिसत नाही.

तथापि गल्लीचे उदात्तीकरणही धोक्याचे आहे. विधवेस शुभकार्यात मागे ठेवणारी गल्ली तीच असते, आणि सावकारही पुष्कळदा तेथेच राहतो. शिवाय कापसाचा भाव गल्लीत ठरत नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे गावाबाहेरच्या सत्तेपर्यंत नेऊन भिडविली होती; तो धागा सोडून चालणार नाही.

नाट्यवृंदाचे ऐक्य प्रयोगापुरते असते. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे आणि पीककर्जासाठी बँकेत जाताना त्या बाईबरोबर आणखी चार बाया निघतात काय, हा प्रश्न पडदा पडल्यावरच सुरू होतो. त्याचे उत्तर देणे नाटकाचे काम नव्हे. तो प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो, यातच ‘तेरवं’चे यश मानावयास हवे.