कर्णनाद : दुःखाची साक्ष आणि दुःखाशी सहवास

मनुष्याच्या बहुतेक व्याधींना बाहेरचा एखादा तरी साक्षीदार असतो. ताप अंगाला हात लावताच कळतो, जखम दिसते, खोकला शेजारच्या खोलीत ऐकू जातो. कानात अखंड वाजत राहणाऱ्या नादाला मात्र, तो ज्याच्या कानात वाजतो त्याच्यावाचून, बहुधा दुसरा श्रोता नसतो. वैद्य कानात दिवा धरून पाहतो तेव्हा पुष्कळदा त्याला काहीच आढळत नाही. घरच्या माणसांना काही ऐकू येत नाही. आणि सांगणाराही 'वाजते आहे' याहून फारसे अधिक सांगू शकत नाही. हे दुःख दुसऱ्यापर्यंत पोहोचते ते केवळ कथनाच्या वाटेने. म्हणूनच त्याचा विचार वैद्यकाप्रमाणे वाङ्मयविचारानेही करणे अगत्याचे आहे. अशा दुःखाची साक्ष कलेने कशी दिली आहे, आणि ती कोठवर खरी उतरते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

आपल्या बोलीने या बाबतीत पूर्वीच निकाल देऊन टाकला आहे. कोणी न उच्चारलेले ज्याला ऐकू येते, त्याला आपण 'तुझे कान वाजले' असे म्हणतो. या वाक्प्रचाराचा अर्थ 'तू जे ऐकलेस ते नव्हतेच' असा होतो. ज्याचे कान खरोखरच रात्रंदिवस वाजतात, त्याने आपली व्यथा सांगावयाची ती याच शब्दांत. आणि ऐकणाऱ्याच्या मनात या शब्दांबरोबर अविश्वासाची छटा आधीच उमटलेली असते.

जुन्या शास्त्रग्रंथांनी मात्र हा नाद खोटा मानलेला नाही. 'माधवनिदाना'त कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असे दोन विकार वेगळे सांगितले आहेत. पहिल्यात भेरी, मृदंग, शंख यांसारखे ध्वनी ऐकू येतात. दुसऱ्यात वेणूसारखा स्वर. आता याच्या शेजारी स्वात्मारामाची 'हठप्रदीपिका' ठेवून पाहावी. तिच्या चौथ्या उपदेशात, कान मिटून अंतर्नादाचे अनुसंधान करणाऱ्या साधकाला क्रमाक्रमाने काय ऐकू येते ते सांगितले आहे : आधी समुद्र, मेघ, भेरी; मग शंख, घंटा; आणि शेवटी किंकिणी, वेणू, वीणा, भ्रमर. वाद्ये पुष्कळशी तीच आहेत. वैद्याने ज्यांना रोगाची लक्षणे म्हटले, तेच ध्वनी योग्याने प्रगतीच्या खुणा मानले. 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायामुळे अनाहत हा शब्द मराठी मनाच्या चांगलाच परिचयाचा आहे. त्यामुळेच कान वाजणाऱ्या मनुष्याला, 'अहो, तुम्हांला घरबसल्या अनाहत ऐकू येतो!' असे सांत्वन करणारा स्नेही आपल्याकडे सहज भेटतो.

हे सांत्वन सद्भावनेचे असले तरी विचाराला पटणारे नाही. साधक नादाकडे स्वतः होऊन जातो. त्यासाठी तो आसन घालतो, वेळ ठरवितो, कान मिटतो. आणि ते अनुसंधान संपवून उठणेही त्याच्या हाती असते. कर्णनादाच्या रोग्याला यांपैकी काहीच करता येत नाही. नाद त्याच्याकडे न बोलावता आलेला असतो आणि उठून जाण्याचे नाव घेत नाही. ध्वनी एकच असला तरी ऐकणाऱ्याची संमती जेथे नाही, तेथे अनुभवाची जातच बदलते. हे साधे अंतर पुसून टाकणारी कोणतीही उपमा, ती कितीही पवित्र असो, दुःख सांगणाऱ्याचे तोंड बंद करते.

प्रस्तुत लेखकास या विषयाकडे केवळ ग्रंथांनी नेलेले नाही. गेली काही वर्षे त्याच्या उजव्या कानात रातकिड्यासारखा एक बारीक स्वर अखंड चालू आहे. शाळेच्या मधल्या सुटीतील कोलाहलात तो जवळजवळ नाहीसा होतो. परीक्षेच्या दालनात, लेखण्यांच्या कुरकुरीपलीकडे काही ऐकू येत नसते तेव्हा, तो सर्वांत मोठा होतो. ज्याने तीस वर्षे मुलांना 'शांत बसा' म्हणण्यात घालविली, त्याच्या वाट्याला शांतता तेवढी येऊ नये, यात थोडा विनोदही आहे. हे येथे सांगितले ते सहानुभूतीसाठी नव्हे. पुढे ज्या कलाकृतींचा विचार करावयाचा आहे, त्यांच्यापाशी लेखक कोणता प्रश्न घेऊन गेला ते वाचकांना कळावे, एवढाच हेतू आहे.

कर्णनादाला प्रत्यक्ष कलाकृतीत स्थान देण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बेद्रिख स्मेताना या चेक संगीतकाराचे आहे. १८७४ साली, वयाच्या पन्नाशीत, प्रागच्या नाट्यगृहात संगीतसंचालक असताना त्याच्या कानांत आवाज सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत त्याचे दोन्ही कान गेले. १८७६ साली त्याने दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठी रचना केली आणि तिला 'माझ्या जीवनातून' असे नाव दिले. तिचे चार भाग आहेत. पहिल्यात तारुण्यातील कलेची ओढ आणि पुढील संकटाची चाहूल. दुसऱ्यात पोल्का नृत्याचा उल्हास. तिसऱ्यात पुढे पत्नी झालेल्या तरुणीवरील प्रथम प्रेमाची आठवण. चौथ्यात आपल्या राष्ट्राचे संगीत गवसल्याचा आनंद. हा आनंद ऐन भरात असताना वाद्ये एकाएकी थबकतात. खालच्या स्वरांत थरथर सुरू होते आणि तिच्यावर पहिले व्हायोलिन एकच अतितार स्वर, पाश्चात्त्य गणनेतील 'ई', ताणून धरते. १८७८ च्या एप्रिलमध्ये एका मित्रास लिहिलेल्या पत्रात स्मेतानाने स्पष्टच सांगितले आहे की, हीच ती आपल्या बहिरेपणाची वर्दी देणारी कानातील शीळ.

कै. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद, विरोध आणि समतोल अशी त्रयी मांडली आहे. तिच्या आधारे पाहिले तर या स्वराचे सामर्थ्य त्याच्या कर्कशपणात नसून विरोधात आहे, असे दिसून येईल. तो आधीच्या नृत्यातून निघत नाही. त्या नृत्याशी त्याचे काही देणेघेणेच नाही. नाद सुरू होण्याच्या दिवसाचे सत्य नेमके हेच असते. तो आयुष्यातील कोणत्याही गोष्टीचे फलित वाटत नाही. केवळ आड येतो. या दृष्टीने स्मेतानाची साक्ष बिनतोड आहे.

येथे एक मार्मिक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्मेतानाने स्वतः नोंदविल्याप्रमाणे त्याच्या कानांत एकच 'ई' वाजत नव्हता. 'ए फ्लॅट' या स्वरावरील एक संपूर्ण स्वरमेळ अतितार सप्तकात शीळ घालीत असे. रचनेचा मूळ स्वर 'ई' असल्यामुळे त्याने तो मेळ टाकून एकच 'ई' ठेवला असावा, असे अनुमान करावयास हरकत नाही. याला कोणी असत्य म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. मूळ मेळ जसाच्या तसा ठेवला असता तर श्रोत्याने त्यात सुसंवाद शोधला असता. आणि त्या अनुभवात नेमका सुसंवादच नव्हता. तपशील सोडून अनुभव राखण्याचे हे काम कलावंताचेच आहे.

मात्र आपल्याकडील श्रोत्याला या स्थळी एक अडचण येण्याचा संभव आहे. ताणून धरलेला एकच स्वर आपल्या कानांना भयाचा वाटत नाही. तंबोऱ्याच्या अखंड षड्जाने आपली मैफल मांडली जाते. मग जो अखंड स्वर आपल्याला आधार देतो, तोच स्मेतानाला विनाशाची वर्दी कसा देतो? उत्तर वर आलेच आहे. तंबोरा गवई स्वतः जुळवितो, आणि त्याच्यावर गातो. कानातील स्वर कोणी जुळविलेला नसतो आणि त्याच्यावर गाणे उभे राहत नाही.

इतके मान्य करूनही, या रचनेची एक मर्यादा सांगितली पाहिजे. तो भीषण स्वर काही थोडा वेळ टिकतो. मग पहिल्या भागातील स्वरावली आठवणीसारख्या परततात आणि रचना हळूहळू मंदावत शांतपणे संपते. स्मेतानाचे आयुष्य मात्र असे संपले नाही. कान गेल्यानंतर तो जवळजवळ दहा वर्षे जगला. डोक्यातील खळबळाट मोठ्या धबधब्याखाली उभे राहिल्यासारखा आहे, असे त्याने पत्रांतून सांगितले आहे. आणि त्याच काळात त्याने लिहिले, पुष्कळ लिहिले. व्ल्टावा नदीचे सुप्रसिद्ध स्वरचित्र १८७४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील, म्हणजे कान गेल्यावर दोन महिन्यांच्या आतील आहे. 'माझ्या जीवनातून' या रचनेचा पहिला जाहीर प्रयोग १८७९ च्या मार्चमध्ये प्रागला झाला, तेव्हा तिचा कर्ता तिचा एकही स्वर ऐकू शकत नव्हता. नाद सुरू झाला, हे या रचनेत आहे. नादासह दिवसामागून दिवस काम केले, हे मात्र तिच्या बाहेरच राहिले. नाट्याला आघात दाखविता येतो; सवय दाखविणे त्याला कठीण जाते.

बीथोव्हेनच्या बाबतीत तर नाद लेखनाच्या एका कोपऱ्यातच राहिला आहे. १८०१ च्या जूनमध्ये आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, लिहिलेल्या पत्रात तो कान रात्रंदिवस शीळ घालतात, घोंघावतात असे सांगतो. परंतु १८०२ च्या ऑक्टोबरमध्ये भावांना उद्देशून लिहिलेल्या आणि मृत्यूनंतर जगापुढे आलेल्या त्याच्या विख्यात निवेदनात, दूरची बासरी आणि धनगराचे गाणे आपल्याला ऐकू न आल्याचे शल्य आहे. कानातील घोंघावण्याला तेथे जागा मिळालेली नाही. न ऐकू येण्याच्या दुःखाला एक भव्यता आहे. नको ते ऐकू येण्याच्या दुःखाला ती नाही. ते डॉक्टरलाच सांगावयाचे, अशीच जणू रीत पडली.

ही रीत मोडली ती रूसोने. 'कन्फेशन्स'च्या सहाव्या भागात, विशीतील आपल्या एका आजाराची हकीकत तो सांगतो. एका सकाळी लहानसे मेज नीट उभे करताना शरीरात एकाएकी उलथापालथ झाली आणि कानांत आवाज सुरू झाले. ते तो मोजून सांगतो : एक खोल, जड घुमणे; एक वाहत्या पाण्यासारखी अधिक स्पष्ट कुजबुज; एक तीक्ष्ण शीळ; आणि धमन्यांचे ठोके. त्यानंतर, काही आठवडे अंथरुणात काढून, आपण पूर्वीच्या जीवनक्रमाकडे परतलो आणि गेली तीस वर्षे त्या आवाजांनी आपल्याला एक मिनिटही सोडलेले नाही, असे तो जाता जाता नमूद करतो.

आमच्या मते या विषयावरील सर्वांत खरे लेखन हे 'जाता जाता'च आहे. रूसो विश्वासार्ह साक्षीदार नव्हे, असे त्याचे टीकाकार म्हणतात, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. या आजाराने आपल्या वासना शमविल्या, मरण समोर दिसू लागल्यावरच आपण जगावयास लागलो, अशी जी तात्पर्ये तो त्यातून काढतो, ती थोडी जास्तच सोयीस्कर आहेत. परंतु चार ध्वनींची ती कोरडी यादी आणि तीस वर्षांचा तो एका वाक्यातील हिशेब, यांत अलंकार नाही. त्या तीस वर्षांत त्याने जे लिहिले, त्याने युरोपचा विचार हालविला. आणि ते सारे त्या चार आवाजांच्या सोबतीने लिहिले गेले. एवढा दीर्घ काळ एका वाक्यात सांगण्याची सोय गद्याला आहे, संगीताला नाही. स्मेतानाचा स्वर प्रत्यक्ष तीस वर्षे वाजविता येणार नाही; पण 'तीस वर्षे' हे दोन शब्द लिहिता येतात, आणि कान वाजणारा वाचक त्या शब्दांशी थांबतो.

आजचे वैद्यकही याच बाजूने बोलते. बहुतेकांच्या बाबतीत अंतःकर्णातील सूक्ष्म केसयुक्त पेशींना इजा झाल्यावर, कानाकडून येणारा संदेश कमी पडतो व मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवितो. त्यातून हा नाद उपजतो, अशी आजची प्रमुख उपपत्ती आहे. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना हा अनुभव येतो. तो तीव्र स्वरूपात छळतो तो सुमारे २ टक्क्यांना. तो हटकून बंद करणारे औषध नाही. परंतु ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र, निःशब्द खोलीऐवजी आजूबाजूला एखादा सौम्य आवाज, आणि नादाविषयीची धास्ती कमी करणारी मानसोपचाराची पद्धती, यांनी पुष्कळांचा त्रास कमी होतो. नाद राहतो; त्याच्यावरील लक्ष सुटते. रूसोने जाता जाता सांगितले ते याहून फार निराळे नाही.

टीकाकाराने या साऱ्यातून घ्यावयाचा बोध असा की, दुःखाच्या साक्षीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. आघाताची साक्ष देणारी कलाकृती परक्याला सांगते की, हे खरोखर घडते. ज्याचे कान वाजत नाहीत त्याने स्मेताना ऐकावा. 'कान वाजले' हा शब्द यापुढे तो तितक्या सहजपणे थट्टेत वापरणार नाही. सहवासाची साक्ष देणारे लेखन प्रत्यक्ष रोग्याशी बोलते. त्यात भव्यता नसेल, ते एखाद्या आत्मचरित्रातील दोन पानांपुरतेच असेल. पण रात्री अडीच वाजता जागा असलेल्या मनुष्याला त्याचाच उपयोग अधिक. आपल्याकडे अनाहताचे वैभव मोठे आहे आणि ते राहावेच. परंतु त्याच्या शेजारी, ज्याने नाद मागितला नव्हता आणि जो त्याच्यासह सकाळी उठून आपल्या कामाला गेला, अशा साध्या संसारी मनुष्याची हकीकतही मराठी गद्याने आपल्या पानांवर घ्यावी. ती लिहिणाऱ्याला मोठी प्रतिभा लागणार नाही. काय ऐकू येते आणि किती वर्षे, एवढे त्याने खरेपणाने सांगितले तरी पुरे आहे.