थापी आणि चाक

गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली आणि काकांनी थापी घेऊन एकेकाचे डोके तपासले, ही कथा मराठी माणसाला लहानपणीच कळते. नामदेव कच्चे ठरले, रुसले, आणि पुढे विसोबा खेचरांकडे गेले. या कथेतली एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कुंभाराच्या घरातले ते प्रसिद्ध चाक कोपऱ्यात राहिले आणि परीक्षेला पुढे आली ती थापी. चाक भांड्याला गोलाई देते. भांडे कच्चे की पक्के, हे थापीच सांगते.

ही कथा आठवण्याचे कारण असे की, अलीकडे शहरांतून हाताने मातीची भांडी घडवायला शिकवणारे हौशी वर्ग निघाले आहेत आणि पुण्यातल्या अशा एका वर्गात मी दोन महिने नेमाने जात होतो. एक मोठी खोली, लांब टेबले, सगळ्यांना मिळून एक विजेची भट्टी. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, संगणकावर दिवस काढणारी मुले, शाळेतल्या शिक्षिका, आणि आईच्या पदराला धरून आलेले एखादे पोर. वर्ग आनंदाचा असतो यात शंका नाही. पण आनंद झाला म्हणून भांडे चांगले झाले असे होत नाही. चित्रांची आणि कवितांची चिकित्सा करणाऱ्याने मडक्यापाशी येऊन एकदम सौजन्यमूर्ती का व्हावे, हे मला समजत नाही.

पहिली तक्रार भाषेची आहे. या वर्गांची जाहिरात वाचली तर वाटावे की माती हे एक प्रकारचे आसव आहे. मन शांत होते, ताण जातो, स्वतःची ओळख पटते, आणि काय काय. प्रत्यक्षात माती मनुष्याला शांत वगैरे करीत नाही, ती त्याला कामाला जुंपते. गोळा मळताना हवेचा फुगा आत ठेवला की भिंत तिथे कमकुवत झालीच. अंगठा गोळ्यात रुतवून, चिमटीत कड धरून भिंत वर काढायला लागावे, तर तळ जाड राहतो आणि ओठ कागदासारखा होतो. मग वळ्यांचे भांडे. शेवयांच्या पिठासारखी वळी वळायची, तिच्यावर दुसरी रचायची, आतून बोटाने तिचा सांधा मोडायचा. घाईने चार वळ्या जास्त चढवल्या की खालची ओली भिंत बसते. तिला अर्धवट वाळू द्यावे लागते, पण फार वाळली तर नवी वळी तिला धरत नाही. लाटलेल्या पोळीचे तुकडे जोडून चौकोनी भांडे करायचे, तर दोन्ही कडांवर ओरखडे काढून पातळ चिखल लावल्याशिवाय सांधा टिकत नाही. आणि एवढे करून पोटात ओल राहिली, तर भट्टीत वाफ कोंडून भांड्याचे तुकडे होतात. मराठी समीक्षेने ‘घाट’ हा शब्द भांड्यावरून आणि दागिन्यावरून उचलला, पण तो वापरताना आपण बोलतो असे, की आशय जणू तयार साच्यात ओतायचा असतो. वळ्यांचे एक मडके करून पाहिले म्हणजे कळते, की घाट आधी ठरत नाही. मातीच्या वाळण्याच्या वेगाशी तडजोड करीत करीत तो उरतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. वर्गातला प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून विचारतो, “चाकावर कधी बसायचं?” शिकवणारेही समजूत घालतात, की आधी हातकाम, मग चाक. म्हणजे हातकाम ही बिगारी आणि चाक ही पहिली इयत्ता! हा क्रम कोणी ठरवला? जपानात सोळाव्या शतकात चाक काही नवे नव्हते. तरी सेन नो रिक्यूच्या चहाविधीसाठी चोजिरोने जे वाडगे केले, ते चाकावाचून, हातानेच घडवले. राकू नावाची सगळी परंपरा तिथून निघाली. लांब कशाला जायचे, मणिपुरात आंद्रो गावच्या बायका आजही चाकाविना भांडी करतात. आपल्याकडचा माठ घ्या. चाकावरून उतरते ते जाड भिंतीचे अर्धे काम. त्याचा गोल तळ आणि पातळ पोट बाहेरून थापी व आतून दगडी गोटा लावून ठोकून ठोकून वाढवलेले असते.

पण देशाच्या बऱ्याच भागांत कुंभाराच्या घरातल्या बाईने चाकाला हात लावायचा नाही असा दंडक होता. तिने माती चाळावी, लीद-राख मिसळून मळावी, भांडी रंगवावी, भट्टी रचायला मदत करावी, चाक पुरुषाचे. कुंभाराच्या घराबाहेरही घरोघरच्या चुली घालणाऱ्या, पोळ्याचे बैल करणाऱ्या बायकाच होत्या, आणि त्या कामाला कोणी कला म्हटले नाही. हातकामाला आपण खालची पायरी मानतो त्याचे मूळ हातकामाच्या सोपेपणात नाही, ते कोणाच्या हातचे होते यात आहे. आज वर्गातल्या दहांतल्या आठ बायका आहेत, आणि त्यांनाही हातकाम लवकर संपवायचे आहे.

ही प्रतिष्ठेची ओढ भांड्याचे काय करते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पश्चिम आफ्रिकेतले आहे. नायजेरियात क्वाली गावी लाडी नावाची बाई होती. तिच्या समाजात कुंभारकाम बायकांचे. चाक नाही; भांडे जमिनीवर, आणि करणारी त्याच्याभोवती फिरते. वळ्या चढवून ती पाण्याचे मोठे मडके उभे करी आणि त्यावर सरडे, विंचू, साप कोरी. अबुजाच्या अमीराच्या वाड्यात तिची मडकी मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने पाहिली, आणि १९५४ साली ती त्याच्या अबुजा येथील केंद्रात आली. तिथे ती चाक शिकली, परंतु कीर्ती झाली ती हाताने घडवलेल्या मडक्यांचीच. लंडनला प्रदर्शने झाली. नायजेरियाच्या वीस नायरांच्या नोटेवर आज तिचे चित्र आहे.

कार्ड्यूने लाडीला जग दाखवले याबद्दल त्याला श्रेय द्यावेच लागेल. मात्र केंद्रात तिच्या मडक्यांना झिलई चढली आणि ती मोठ्या आचेच्या भट्टीत भाजली जाऊ लागली. गावात उघड्या आगीत भाजलेले मडके सच्छिद्र असे. पाणी झिरपून बाहेर येई, त्याचे बाष्प होई आणि आतले पाणी गार राही. झिलईने ती छिद्रे बुजली. घाट तोच, सरडे तेच, उलट अधिक तेजस्वी. फक्त मडक्याने पाणी गार करणे सोडले. संग्रहालयात त्याचे कौतुक करणाऱ्याला ही उणीव दिसत नाही, कारण तो तहानलेला नसतो. माझ्या मते त्या झिलईदार मडक्यांत घाटाचे सौंदर्य शाबूत आहे, पण तो फुगीर घाट ज्या कामासाठी जन्मला, ते काम त्याच्यापासून काढून घेतले गेले आहे. समीक्षकाने दोन्ही गोष्टी सांगाव्यात. पहिलीच सांगून थांबणे हे आदराचे लक्षण नव्हे.

आमच्या वर्गाने दिवाळीआधी प्रदर्शन भरवले. पणत्या पुष्कळ होत्या. मुलांनी केलेला बुरूज-तटांचा एक किल्लाही होता, आणि तो मला मनापासून आवडला, कारण त्याला किल्लाच व्हायचे होते. बाकी बहुतेक भांड्यांवर झिलईचे निळे-हिरवे ओघळ. वेडेवाकडेपणा हाताच्या कामाची खूण म्हणून मिरवणारी दोन-चार फुलपात्रे होती. हात न वळल्यामुळे आलेला वाकडेपणा आणि हात वळल्यावर राखलेला वाकडेपणा यांत फरक असतो. तो कड चाचपली की कळतो. प्रत्येकापुढे उभे राहून सगळे “छान, छान” म्हणत होते. थापी कोणाच्याच हातात नव्हती.

एका कोपऱ्यात साठीच्या एका बाईंचे वळ्यांचे मडके होते. माहेरी असताना त्यांनी चुली घातल्या होत्या. भिंत सगळीकडे सारखी, पोट जिथे वळायला हवे तिथेच वळलेले, ओठ जाड पण बोट फिरवले तर कुठे अडत नाही. सगळ्या प्रदर्शनात घाट म्हणावा असा तेवढाच. झिलई चढवायची वेळ आली तेव्हा त्या शिकवणाऱ्या मुलीला म्हणाल्या होत्या, “अगं, पण मग पाणी गार कसं व्हायचं?”

“काकू, यात पाणी कुठं ठेवायचंय?”

उत्तर प्रामाणिक होते. बाईंनी झिलई चढवू दिली नाही. म्हणून ते मडके निळ्या-हिरव्या रांगेत न मांडता मागे ठेवले होते, किंमतही सर्वांत कमी. मी ते घेतले. पहिले दोन दिवस पाण्याला भाजल्या मातीचा वास आला. तिसऱ्या दिवशी मडक्याला घाम फुटला आणि खाली ताटली ठेवावी लागली.