शिरोरेषेखालचा ‘सॅन्स’

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकाला काढलेली बारीकशी पायरी. ती काढून टाकली की उरतो तो सॅन्स-सेरिफ. देवनागरीला अशी पायरी मुळातच नव्हती. मग देवनागरी फाँटच्या नावात ‘सॅन्स’ येते तेव्हा नेमके काय वजा झालेले असते?

वजा होतो तो बोरू. या लेखणीच्या कलत्या कापलेल्या टोकाने रेषा वळताना जाड-बारीक होते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे शिशात ओतलेले असले, तरी त्यांच्या अंगात हाच बोरू होता. आजच्या पडद्यावरची देवनागरी मात्र बहुतेक एकाच जाडीच्या रेषेची आहे.

या घराण्यातला एक परिचित फाँट म्हणजे मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी आखलेला. अगदी हलक्यापासून अतिठळकपर्यंत त्याची सात वजने आहेत. शिवाय गुजरातीसाठी ‘वाणी’, गुरुमुखीसाठी ‘माही’ आणि तमिळसाठी ‘मलर’ ही भावंडे. परवाना खुला असल्याने कुणीही तो फुकट वापरावा, हवा तर बदलावा. पूर्वी अशी सोय नव्हती. युनिकोड ही सर्व संगणकांना समान अक्षरसंकेत-पद्धत येण्यापूर्वी ज्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप केला त्याचाच फाँट नसला की पानभर निरर्थक चिन्हे उमटत. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ हा फाँट आला आणि युनिकोड देवनागरी विंडोजच्या संगणकांत पोचली. पण मजकूर वाचता येणे वेगळे आणि त्याला वळण असणे वेगळे. ‘मुक्त’सारख्या फाँटांनी ही दुसरी गरज भागवली.

‘मुक्त’ची खरी करामत त्याच्या मोकळ्या पोटात आहे. रेषा एकसारखी असूनही अक्षर कंपासाने काढल्यासारखे ताठर वाटत नाही. हाताची वळणे शिल्लक आहेत. फोनवर बारीक आकारातही ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत होत नाही. सोबतची रोमन अक्षरे त्याच तोलाने आखलेली असल्याने मराठी वाक्यात एखादे इंग्रजी नाव आले, तरी ते उपरे दिसत नाही.

अडचण सुरू होते ती ठळक वजनांत. रोमन अक्षर फुगवायला आजूबाजूला जागा असते. ‘क्ष’, ‘झ’ किंवा ‘द्ध’च्या पोटात तेवढ्याच जागेत तीन-चार रेषा राहतात. वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी आणि रफार, खाली उकार. बोरूच्या अक्षरात बारीक रेषा इथे श्वास घ्यायला जागा देते; समजाड रेषेत ती सोय नाही. म्हणून ठळक मथळ्यात शिरोरेषेचा काळा पट्टाच आधी डोळ्यांत भरतो. आरेखनकाराने आतल्या रेषा गुपचूप बारीक केल्या तरच अक्षर तगते. ‘एकसारखी जाडी’ हा अशा फाँटांत नजरेला दिलेला चकवाच असतो.

दुसरी अडचण खास मराठीची. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले. बहुतेक देवनागरी फाँट मात्र आधी हिंदी वळण दाखवतात. मराठी रूपे काहींत असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच ती बाहेर येतात. ही नोंद करण्याचे कष्ट कितीजण घेतात? परिणामी वाचकाला शाळेत गिरवलेला ‘ल’ बातमीत सापडत नाही.

याला चांगला प्रतिवाद आहे: फिओना रॉस आणि जॉन हडसन यांचा ‘टिरो देवनागरी मराठी’. हिंदी, मराठी आणि संस्कृत यांसाठी ‘टिरो देवनागरी’च्या तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत. मराठी आवृत्तीत मराठी वळणे कुणी न मागता मिळतात आणि रेषाही जाड-बारीक आहे. कादंबरीच्या पानाला तो शोभतो. पण त्याला साधे आणि तिरके एवढीच दोन रूपे. ठळक वजन नाहीच. पुस्तक ‘टिरो’त जुळवले तरी मथळ्यासाठी पुन्हा ‘मुक्त’च्या दाराशी जावे लागते. बोरूचे अंग आणि सात वजने एकाच घरात असलेला मराठी फाँट आखला जाणे, हे आजचे सर्वांत निकडीचे काम आहे. तोवर संपादकांनी निदान आपल्या मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी.