रागाचे वाक्प्रचार आणि आमचे भाषांतरकार

इंग्रजी बोलीत संतापलेल्या माणसाची तुलना कधी दांड्यातून निसटलेल्या कुऱ्हाडीच्या पात्याशी, तर कधी उडालेल्या फ्यूजशी होते. आमचे भाषांतरकार दोहोंसाठी 'तो संतापला' एवढेच लिहितात आणि पात्राचा स्वभावच हरवून बसतात. हे दारिद्र्य मराठीचे खचित नव्हे. अंगाचा तिळपापड होतो तो स्वयंपाकघरातला, पित्त खवळते ते वैद्यकातले, जमदग्नीचा अवतार पुराणातला. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे दोन विभाग (१९४२, १९४७) अशा धनाने भरलेले आहेत. उपकरणांचेही मराठीला वावडे नाही. तापमापकातला पारा आमच्या रागात केव्हाच चढला. मग 'सटकणे' या क्रियापदालाच ग्राम्य ठरवून उंबऱ्याबाहेर का ठेवावे? निसटलेल्या पात्याची प्रतिमा त्यात जशीच्या तशी आहे. सुरतेजवळच्या सचिनसारख्या औद्योगिक वसाहतींत खानदेशातून गेलेला मराठी कामगार यंत्रांच्या सहवासात राबतो. त्याच्या तोंडचे शब्द टिपण्यास कोशकाराने तेथवर जावे, असे आम्हांस वाटते. एरवी अनुवादातील सारी माणसे एकाच सुरात रागावत राहतील.