शंका कोणाची? : अल्प वर्गांकित सामग्रीचा प्रश्न

वर्गांकित उदाहरणे थोडी असली म्हणजे दोन उपाय एकत्र योजण्याचा प्रघात आता पडला आहे. विपुल मजकुरावर आधीच घडविलेले मॉडेल नव्या कामाकडे वळवावयाचे, हे ज्ञानसंक्रमण. ज्या वाक्यांविषयी ते साशंक असेल तीच तज्ज्ञापुढे ठेवावयाची, हे सक्रिय अध्ययन. शंकेवर आधारलेली ही निवड लुइस व गेल यांनी १९९४ मध्ये मांडली. ज्ञानसंक्रमणास २०१८ च्या ‘बर्ट’ने बळ दिले.

या जोडणीत एक गृहीत दडलेले आहे : मॉडेलला आपले अज्ञान कळते. ते मला मान्य नाही. मराठी वाक्यांची अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ अशी विभागणी करावयाची आहे असे समजू. ‘काय सुंदर रस्ते आहेत हो तुमच्या गावचे!’ येथे ‘सुंदर’ या शब्दाच्या जोरावर मॉडेल निःशंकपणे ‘अनुकूल’ म्हणू शकते. शंका नाही, म्हणून विचारणा नाही. विचारणा नाही, म्हणून दुरुस्तीही नाही. उपरोध नेमका चाळणीतून निसटतो. उलट, तुटकी व अर्थहीन वाक्ये शंकास्पद ठरून तज्ज्ञाचा वेळ खातात.

लॉवेल, लिप्टन व वॉलेस यांचा २०१९ मधील निष्कर्ष अधिकच विचारात पाडणारा आहे. एका मॉडेलच्या शंकेनुसार निवडलेली सामग्री दुसऱ्या मॉडेलला शिकविताना यादृच्छिक निवडीहून सरस ठरेलच, असे नाही. मॉडेले तर दोन-चार वर्षांत बदलतात. सामग्री मात्र विभागाच्या संग्रही राहते. तेव्हा वर्गांकनाचा काही भाग यादृच्छिक वाक्यांसाठी राखावा, आणि परीक्षणाची वाक्ये शंकेवरून मुळीच निवडू नयेत.