निक डेंजर : निवेदकाच्या अधिकाराचे विडंबन

'फायरसाइन थिएटर' या चौघा अमेरिकन विनोदकारांच्या १९६९ सालच्या एका ध्वनिमुद्रिकेची दुसरी बाजू निक डेंजर या खासगी गुप्तहेराने व्यापली आहे. चाळिशीच्या दशकातील नभोनाट्यांचे हे विडंबन. परंतु हॅमेट-चँडलर परंपरेतील निबर गुप्तहेराची टिंगल एवढाच त्याचा अर्थ लावणे उथळपणाचे ठरेल. त्या परंपरेत प्रथमपुरुषी निवेदकाचा शब्द हाच पहिला पुरावा असतो. नभोनाट्यात तर श्रोत्याला तो डोळ्यांनी पडताळताही येत नाही. निक मात्र आपल्या टेबलावर पडणाऱ्या पावसाचे वर्णन करतो, आणि कचेरीच्या काचेच्या दारावरील स्वतःचे नाव आतून, म्हणजे उलटे, वाचून दाखवतो. छप्पर गळते आहे की भाषा, हे श्रोत्याने ठरवायचे! आपले वाक्य मुद्रिकेच्या पहिल्या बाजूवर येऊन गेले काय, अशी शंकाही येथे घेतली जाते.

खरा आघात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या भाषणाचा. नाट्य तोडून ते अवतरते आणि पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिकेने बिनशर्त शरणागती पत्करल्याचे जाहीर करते. प्रत्यक्षात डिसेंबर १९४१मध्ये त्यांनी काँग्रेसकडे युद्धघोषणेची मागणी केली होती. व्हिएतनाम युद्ध चालू असताना हा विपर्यास निव्वळ गमतीचा उरत नाही. गुप्तहेर आणि राज्यसंस्था एकाच माध्यमातून, सारख्याच भारदस्तपणे बोलतात. पहिल्याला हसलेला श्रोता दुसरीवर विश्वास ठेवताना अडखळतो. म्हणूनच निकची भूमिका करणाऱ्या फिल ऑस्टिन यांनी आवाजातील गांभीर्य ढळू दिलेले नाही, हे महत्त्वाचे.