अंतर्गळ पुन्हा आला तर : ‘कोणती दुर्बीण बरी’ हा प्रश्नच अपुरा

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याने जांघेतल्या अंतर्गळावर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आम्ही या विषयाचे नुसते वाचक नाही. आमचा स्वतःचा हर्निया एकदा शिवला आणि काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा आला. जुन्नर-आंबेगावात ही गोष्ट नवी नाही. ओझ्यामुळे हर्निया होतोच, असं शास्त्र ठामपणे म्हणत नाही. पण झालेला हर्निया ओझं उचलू देत नाही, हे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उचलणाऱ्याला विचारा, नाहीतर मंचरला कांद्याच्या गोण्या लावणाऱ्याला.

आम्हाला भेटलेल्या प्रत्येक शहाण्या माणसाने एकच विचारलं : “सर, टॅप करणार की टेप?” दोन्ही दुर्बिणीच्याच पद्धती, 1990च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झालेल्या. पोटाच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असतं. वाड्याच्या भिंतीला आतून गिलावा असतो तसं समजा. भिंतीला भोक पडलंय. टॅपमध्ये सर्जन पोटाच्या पोकळीत शिरतो, आतून तो गिलावा सोडवतो, भोकावर जाळी पसरतो आणि गिलावा पुन्हा लावतो. टेपमध्ये घरात पाऊल टाकायचंच नाही. गिलावा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जागा करायची आणि तिथेच जाळी ठेवायची. टॅपमध्ये सगळं नीट दिसतं, दुसरी बाजूही पाहून घेता येते. पण आतड्यांच्या सहवासात काम चालतं. टेपमध्ये तो सहवास बव्हंशी टळतो, पण जागा अरुंद.

मग सरस कोणती? 2018 साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं दोन्हींचे निकाल जवळपास सारखेच मानतात आणि निवड सर्जनच्या अनुभवावर सोडतात. इथे पुष्कळ लेखक थांबतात, आणि आमची टीका इथूनच सुरू होते.

आपल्या नैयायिकांनी ‘उपाधी’ नावाची एक फार उपयोगी कल्पना दिली आहे. जिथे अग्नी तिथे धूर, हे विधान खरं वाटतं. पण ते खरं ठरतं लाकूड ओलं असेल तरच. ओलेपणा ही उपाधी. ती लपलेली राहिली की अनुमान फसतं. ‘पुन्हा आलेल्या हर्नियाला दुर्बीण उत्तम’ या विधानातही अशीच उपाधी दडलेली आहे : पहिलं ऑपरेशन कोणत्या बाजूने झालं होतं?

पहिल्या वेळी पुढून, जांघेवर चीर देऊन शिवलं असेल, तर पुढे सगळं चिकटलेलं असतं आणि मागची बाजू कोरी असते. तिथे दुर्बिणीने मागून जाणं शहाणपणाचं. पहिलं ऑपरेशनच दुर्बिणीचं असेल, तर बहुतेकांसाठी सल्ला उलटा : आता पुढून. म्हणजे तोच हर्निया, तोच माणूस, आणि उत्तर बरोबर विरुद्ध! टॅप-टेपची निवड त्यानंतरची. प्रोस्टेटचं ऑपरेशन पूर्वी पोट उघडून झालं असेल तर टेपची फट मोकळी मिळणं कठीण. टेप करताना अस्तर फाटलं तर सर्जनला टॅपकडे वळावं लागू शकतं. दोन्हींना साधारणपणे पूर्ण भूल लागते. हृदय-फुप्फुस अशक्त असेल तर जागा बधिर करून पुढून केलेलं ऑपरेशनच बरं. आणि हात बसायला 50 ते 100 शस्त्रक्रिया लागतात असा अंदाज आहे. तेव्हा ‘कोणती पद्धत’ याआधी ‘डॉक्टर, आपण अशा किती केल्या?’ हे विचारायला आपल्याकडे माणूस संकोचतो. संकोचू नये.

तुलनेचा मापदंडही एकांगी आहे. हर्निया परत आला की नाही, एवढंच मोजायचं? नांगेली दुखत राहिली आणि माणूस बांधावर बसता बसेना, तर त्याच्या लेखी ते यश नव्हे.

प्रश्न कुठे उभं राहून विचारला जातो, यावरही बरंच ठरतं. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी टॅप की टेप असं विचारलं नाही. ‘जाळीच परवडत नाही, त्याचं काय?’ असं विचारलं. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून उघड्या शस्त्रक्रियेत वापरलं आणि 2003 साली अनेक केंद्रांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात स्वस्त आणि महागड्या जाळीची रीतसर तुलना झाली, 2016 साली ती छापून आली, आणि निकालात लक्षणीय फरक निघाला नाही. ही आमच्या मते खरी तुलना, कारण ती रुग्णाच्या अडचणीतून निघाली.

आता आमचं. सर्जनने पहिलाच प्रश्न केला, “जुनं डिस्चार्ज कार्ड आणलंय?” आम्ही चाळीस वर्षं विद्यार्थ्यांकडे पुरावा मागितला आणि स्वतःचा पुरावा हरवून बसलो होतो! व्रण बघून पुढून ऑपरेशन झालंय एवढं त्यांना कळलं. पण नुसते टाके घातले, जाळी ठेवली की जाळीचं बूच मागच्या थरापर्यंत खोचलं, हे व्रण कसा सांगणार? घरी येऊन दोन दिवस शोधलं. सौभाग्यवतींना ते सातबाऱ्याच्या पिशवीत सापडलं, घडीवर फाटलेलं. त्यावर लिहिलं होतं : ‘हर्निया, उजवी बाजू. ऑपरेशन केले. प्रकृती समाधानकारक.’ जाळीबद्दल एक अक्षर नव्हतं.